राजगडची आई, रायगडची सावत्र आई : नाटक-कादंबऱ्यांनी बांधलेले शंभूराजांचे घर

पुणे-सातारा महामार्ग नसरापूरला सोडून वेल्ह्याच्या रस्त्याला लागले की मार्गासनीनंतर कानद नदीच्या खोऱ्यात विंझर लागते. राजगड-तोरण्याला निघालेल्या गाड्या बहुधा येथे थांबत नाहीत. डाव्या हाताला राजगड, पुढे तोरणा आणि नजर त्या दोघांवर खिळलेली. ज्या तालुक्याला पिढ्यान्‌पिढ्या वेल्हे म्हटले गेले, त्याचे नाव राजगड करण्यास राज्य मंत्रिमंडळाने मार्च २०२४ मध्ये मान्यता दिली, तीही या गडाच्या पुण्याईवर.

याच गडाच्या पायथ्याला पाल गावी एक समाधी आहे. ती सईबाई राणीसाहेबांची, म्हणजे छत्रपती शिवाजी महाराजांच्या थोरल्या पत्नीची आणि संभाजीराजांच्या मातोश्रींची. गडावर पद्मावती माचीवर, देवीच्या मंदिरासमोरही एक समाधी त्यांचीच म्हणून दाखवली जाते. एका राणीच्या नावाने दोन ठिकाणे आहेत, पण तिच्या आयुष्याविषयी खात्रीने सांगता येईल असा मजकूर एका पोस्टकार्डावर मावेल.

मराठी नाटक, कादंबरी आणि चित्रपट यांना ज्या कुटुंबाच्या कहाणीचा मोह वारंवार पडला, ते कुटुंब हेच. बाप आणि मुलगा, सावत्र आई आणि वारस, पती आणि पत्नी. ही नाती आज आपल्या मनात ज्या रूपाने वसली आहेत, ते रूप कागदपत्रांतून किती आले आणि रंगमंचावरून किती, हे पाहण्यासाठी हा धागा. ‘छावा’ पाहून इतिहासाकडे वळलेल्या वाचकांसाठी विशेषतः.

आधी हाती काय आहे ते पाहू. सईबाई फलटणच्या नाईक निंबाळकर घराण्यातील. विवाह १६४० मध्ये पुण्यात झाला. तीन मुली आणि नंतर, १४ मे १६५७ रोजी पुरंदरावर, संभाजीराजे. ५ सप्टेंबर १६५९ रोजी राजगडावर सईबाईंचे निधन झाले. त्यानंतर अवघ्या दोन महिन्यांनी, १० नोव्हेंबरला, प्रतापगडाच्या पायथ्याशी अफजलखानाची भेट घडली. म्हणजे स्वराज्यावरचे सर्वांत मोठे संकट चालून येत असताना महाराजांच्या घरात पत्नीचा मृत्यू झाला होता आणि मागे सव्वादोन वर्षांचे मूल होते.

त्या दिवसांत महाराजांना काय वाटले, याची नोंद नाही. असण्याचे कारणही नाही. शकावली म्हणजे तिथीवार घटनांची टिपणवही. अमुक शके, अमुक मास, अमुक तिथी, अमुक वारला, तमुक जन्मला, अमका गड घेतला, एवढेच ती सांगते. या प्रकारातील सर्वांत नामांकित जेधे शकावलीही याच मुलखातली. भोरजवळच्या कारी गावच्या जेधे देशमुखांच्या घरची, लोकमान्य टिळकांनी १९१६ मध्ये प्रकाशात आणलेली. महाराजांची आज सरकारमान्य असलेली जन्मतिथी तिच्यातूनच पुढे आली. जन्म-मृत्यूच्या बाबतीत ती अनमोल आहे, पण दुःखाचा रकाना तिच्यात नाही. पत्रे उपलब्ध आहेत ती वतनांची, तंट्यांची, गडांच्या तजविजीची. सतराव्या शतकातील मराठा राजघराण्याने खासगी रोजनिशी लिहिली नाही. निदान ती आपल्यापर्यंत पोचलेली नाही.

आता या मोकळ्या जागेत कोण येते ते पाहा. नसरापूर फाट्यावर न वळता महामार्गाने थोडे पुढे गेले की कापूरहोळ लागते. तेथील गाडे घराण्यातील धाराऊ ही संभाजीराजांची दूधआई. आईला दूध कमी म्हणून बाळ तिच्या हाती आले, असे परंपरा सांगते. आजी जिजाऊसाहेब होत्याच. वडील मोहिमांवर. आठ वर्षांच्या या मुलाला पुरंदरच्या तहानंतर मिर्झाराजे जयसिंगाच्या छावणीत हजर राहावे लागले. १२ मे १६६६ रोजी, नवव्या वाढदिवसाच्या दोन दिवस आधी, तो आग्र्याच्या दरबारात वडिलांसोबत उभा होता. सुटकेनंतर महाराजांनी त्याला मथुरेत मोरोपंत पिंगळ्यांच्या आप्तांकडे ठेवले आणि स्वतः राजगड गाठला. पाठलाग थांबावा म्हणून मुलगा वाटेत वारला अशी हूल उठवण्यात आली. पुढे तो सुखरूप परतला, तोही राजगडावरच.

आईचा मृत्यू, दूधआईची कूस, शत्रूच्या गोटातील ओलीस दिवस, परक्या शहरातील अज्ञातवास, स्वतःच्या मरणाची बातमी. एखाद्या नाटककाराने हे बालपण कल्पनेने रचले असते तर समीक्षकांनी अतिरंजित म्हणून झोडपले असते. गंमत अशी, की नेमके हेच बालपण मराठी रंगभूमीने जवळजवळ वगळले. तिच्या नजरेत भरले ते रायगडावरील घर, आणि त्या घरातील सावत्र आई.

याचे मूळ बखरीत सापडते. कृष्णाजी अनंत सभासदाने जिंजीला, राजाराम महाराजांच्या सांगण्यावरून, १६९७ च्या सुमारास आपली बखर लिहिली. तो महाराजांच्या काळचा माणूस. त्याने पन्हाळ्यावरील पिता-पुत्र भेटीचा प्रसंग दिला आहे. महाराज राज्याची वाटणी सुचवतात : तुंगभद्रेपासून कावेरीपर्यंत एक राज्य संभाजीराजांना, तुंगभद्रेपासून गोदावरीपर्यंत दुसरे राजारामांना. त्यावर संभाजीराजे म्हणतात की आपण दूधभात खाऊन वडिलांच्या पायांचे चिंतन करून राहू. हा संवाद शब्दशः झाला असेल असे मानण्याची गरज नाही. राजारामांच्या आश्रयाने लिहिणाऱ्याने तो लिहिला, हेही ध्यानात ठेवावे. पण नाट्य त्यात आहेच. राज्य वाटू पाहणारा वृद्ध राजा म्हटले की शेक्सपिअरचा लिअर आठवतोच.

दुसरी बखर मात्र सर्वस्वी वेगळ्या मातीची आहे. मल्हार रामराव चिटणीसांनी ती साताऱ्यात १८१० च्या सुमारास लिहिली. संभाजीराजांच्या मृत्यूला तेव्हा १२० वर्षे उलटून गेली होती. शिवाय मल्हाररावांचे पूर्वज बाळाजी आवजी चिटणीस यांना १६८१ मध्ये कटाच्या आरोपावरून संभाजीराजांनीच देहान्त शासन दिले होते. एवढे अंतर आणि एवढा जुना सल. या बखरीतील संभाजीराजे तापट, व्यसनी आणि वाहवलेले आहेत. १८२६ मध्ये साताऱ्याचा माजी रेसिडेंट जेम्स ग्रँट डफ याने मराठ्यांचा इतिहास इंग्रजीत लिहिला, तेव्हा त्यानेही या प्रकारच्या बखरींचा आधार घेतला. तेथून ही प्रतिमा शाळेत, शाळेतून वाचनालयात आणि वाचनालयातून नाटकमंडळींकडे गेली.

इंग्लंडच्या तिसऱ्या रिचर्डचेही असेच झाले. त्याला हरवून गादीवर आलेल्या ट्यूडर घराण्याच्या काळात त्याचा इतिहास लिहिला गेला, शेक्सपिअरने त्याला रंगभूमीवर कुबडा खलपुरुष म्हणून अमर केले आणि लेस्टरमधील मोटारतळाखाली २०१२ मध्ये त्याचा सांगाडा सापडेपर्यंत लोक खऱ्या माणसाऐवजी नाटकातील माणसालाच ओळखत राहिले. (सांगाड्याचा कणा बाकदार होता, पण नाटकातले कुबड मात्र त्याला नव्हते.)

मराठीत या काळातील सर्वांत प्रतिभावान आणि सर्वांत वादग्रस्त नमुना म्हणजे राम गणेश गडकरी यांचे ‘राजसंन्यास’. १९१९ मध्ये गडकरी गेले तेव्हा हे नाटक अपूर्ण होते. ते त्यांच्या पश्चात प्रसिद्ध झाले. त्यातील संभाजीराजे तुळसा नावाच्या स्त्रीच्या मोहात गुंतलेले आणि शेवटी पश्चात्तापाने पेटलेले दाखवले आहेत. तुळसा ही नाटकातली. इतिहासाच्या साधनांत तिला थारा नाही. ‘थोरातांची कमळा’ ही कथाही अशीच. तिच्यावर नाटक झाले, १९४१ मध्ये चित्रपट झाला आणि प्रेक्षकांच्या मनात ती घडलेली घटना म्हणून रुजली. कल्पित स्त्रिया निर्माण करून खऱ्या पुरुषाला दोष चिकटवण्याची ही रीत पुढे अंगलट आली. ३ जानेवारी २०१७ रोजी पुण्याच्या संभाजी उद्यानातील गडकऱ्यांचा पुतळा उखडून मुठा नदीत फेकण्यात आला. नाटक लिहून शंभर वर्षे झाली होती. पुतळा फोडून नाटकातील चूक दुरुस्त होत नाही, आणि भाषेचे वैभव दाखवून ती झाकताही येत नाही.

चित्र पालटले ते १९६० मध्ये. वा. सी. बेंद्रे यांनी आयुष्याची बरीच वर्षे खर्चून जमवलेल्या साधनांवर आधारलेले ‘छत्रपती संभाजी महाराज’ हे चरित्र प्रसिद्ध झाले. बखरीचा पडदा बाजूला सारून मूळ कागद पुढे ठेवणे, हे या ग्रंथाचे मोठे काम. पुढे १९७१ मध्ये डॉ. कमल गोखले यांचे ‘शिवपुत्र संभाजी’ आले. ज्याला आजवर बिघडलेला मुलगा म्हटले, तो संस्कृतात ‘बुधभूषण’ रचणारा पंडित, एकाच वेळी मोगल, सिद्दी आणि पोर्तुगीज यांच्याशी झुंजणारा राजा म्हणून समोर आला.

आणि बेंद्रे यांच्या ग्रंथानंतर दोनच वर्षांनी, १९६२ मध्ये, वसंत कानेटकरांचे ‘रायगडाला जेव्हा जाग येते’ गोवा हिंदू असोसिएशनने रंगमंचावर आणले.

येथे थोडे थांबायला हवे, कारण आपल्या डोक्यातील शिवकुटुंबाचा आराखडा ज्यांनी घडवला, त्यांत या नाटकाचा वाटा फार मोठा आहे. कानेटकर नाशिकला इंग्रजीचे प्राध्यापक होते. ऐतिहासिक नाटकाकडे ते इतिहासाच्या वाटेने आले नाहीत. १९५७ चे त्यांचे ‘वेड्याचं घर उन्हात’ हे घराच्या चार भिंतींतील मानसिक कोंडमाऱ्याचे नाटक होते. तीच नजर त्यांनी रायगडावर वळवली. तोवरच्या ऐतिहासिक नाटकांत तलवारी, घोषणा आणि स्वगते असत. येथे दरबार मागे सरला आणि महाल पुढे आला. मास्टर दत्ताराम यांचे महाराज हे सिंहासनापेक्षा घरात एकाकी पडलेले वडील होते आणि डॉ. काशिनाथ घाणेकर यांचे शंभूराजे वडिलांच्या एका प्रेमळ शब्दासाठी आसुसलेले तरुण. व्यवसायाने दंतवैद्य असलेल्या घाणेकरांना या भूमिकेने तारा केले. २०१८ च्या ‘...आणि डॉ. काशिनाथ घाणेकर’ या चित्रपटाने त्या टाळ्यांची आठवण नव्या पिढीला करून दिली.

हे नाटक का गाजले, याचे उत्तर काही अंशी १९६२ च्या प्रेक्षागृहात सापडते. संयुक्त महाराष्ट्र नुकताच झाला होता. मुंबई-पुण्याकडे नोकरीसाठी आलेल्या घरांत एकत्र कुटुंबाची वीण उसवत होती. शिकलेला मुलगा वडिलांना उलट उत्तर देऊ लागला होता. त्या प्रेक्षकाने रायगडावर आपले घर पाहिले. आठ वर्षांनी, १९७० मध्ये, नाशिकच्याच वि. वा. शिरवाडकरांनी ‘नटसम्राट’मध्ये हाच घाव दुसऱ्या अंगाने उघडा केला; तेथे राजा नव्हता, राजाची भूमिका करणारा नट होता.

कानेटकरांनी संभाजीराजांना मन दिले, ही त्यांची थोर कामगिरी. बेंद्रे यांचा ग्रंथ जितक्या घरांत पोचला असेल, त्याच्या अनेक पट घरांत या नाटकाने ‘तो वाईट नव्हता, तो दुखावलेला होता’ ही जाणीव पोचवली. पण कुटुंबनाट्याला एक विरोधी पात्र लागते. व्यसनी पुत्राची जागा रिकामी झाली आणि ती सोयराबाईंनी भरली.

सोयराबाई या मोहिते घराण्यातील. त्यांचे पुत्र राजाराम यांचा जन्मही २४ फेब्रुवारी १६७० रोजी राजगडावरच झाला, हे बहुतेकांच्या स्मरणात नसते. म्हणजे विंझरच्या रस्त्यावरून दिसणाऱ्या त्या एकाच गडावर एका राणीने प्राण सोडला आणि दुसरीने राजपुत्राला जन्म दिला. आपल्याकडे मात्र राजगड सईबाईंचा आणि रायगड सोयराबाईंचा, अशी जणू वाटणीच झाली आहे. मायेची आई तिकडे, सावत्र आई इकडे.

वारसाचा संघर्ष खरा होता, यात शंका नाही. तो चिटणीसांच्या कल्पनेतून निघालेला नाही; परमानंद कवींच्या घराण्यात रचल्या गेलेल्या ‘अनुपुराण’ या संस्कृत काव्यातही त्याच्या खुणा आहेत. डिसेंबर १६७८ मध्ये संभाजीराजे दिलेरखानाकडे गेले आणि वर्षभराने परतले. ३ एप्रिल १६८० रोजी महाराजांचे निधन झाले तेव्हा ते पन्हाळ्यावर होते. अण्णाजी दत्तो प्रभृतींनी दहा वर्षांच्या राजारामांना मंचकावर बसवले. सोयराबाईंचे सख्खे बंधू, सरसेनापती हंबीरराव मोहिते, मात्र बहिणीच्या नव्हे, संभाजीराजांच्या बाजूला गेले. हा एकच निर्णय पाहिला तरी कळते की भांडण सावत्रपणाच्या रेषेवर फुटलेले नव्हते. प्रश्न राज्याचा होता : रायगडावरील मुत्सद्द्यांचे वर्चस्व राहणार की छावणीतील लष्कराचे? आणि मराठा गादीचा वारस ठरवण्याचा नियम तोवर कोणी लिहून ठेवला होता? राज्याभिषेकालाच सहा वर्षे झाली होती.

येथे एक कागद फार बोलका आहे. १६८० मध्येच, म्हणजे हे सारे ताजे असताना, संभाजीराजांनी बाकरे यांना दिलेले संस्कृत दानपत्र उपलब्ध आहे. त्यात ते आपल्या सावत्र आईचे अंतःकरण स्फटिकासारखे निर्मळ असल्याचे सांगतात आणि तिचे मन कलुषित केल्याचा दोष मंत्र्यांवर ठेवतात. यात राजकारण नसेल असे नाही. नव्या राजाला घरातील फूट झाकायची असणार. दानपत्र ही काही खासगी कबुली नव्हे. तरीही, जो मुलगा या संघर्षातील प्रमुख पक्ष होता त्याने दोष कोणावर ठेवला आणि रंगभूमीने तो कोणावर ठेवला, हे शेजारी मांडून पाहावे. सावत्र मुलाने जिला सोडवले, तिला प्रेक्षागृहाने अडकवले.

तसे होणे सोपेही होते. मराठी प्रेक्षकाच्या कानात कैकेयी आधीपासून बसलेली आहे. वृद्ध राजा, थोरला गुणी पुत्र, धाकट्यासाठी हट्ट धरणारी राणी, हा साचा रामायणाने तयार ठेवला होता. अण्णाजी दत्तोंची कारभारातील पकड समजावून सांगायला नाटकाला दोन प्रवेश लागले असते. सावत्र आई एका कटाक्षात कळते.

पुढची गोष्ट कटू आहे आणि ती लपवण्यात अर्थ नाही. १६८१ मध्ये संभाजीराजांविरुद्ध पुन्हा कट झाला. अण्णाजी दत्तो, बाळाजी आवजी, हिरोजी फर्जंद यांना प्राणांस मुकावे लागले आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये सोयराबाईंचाही अंत झाला. तो कसा झाला यावर साधनांत एकवाक्यता नाही. चिटणीस बखरीने त्याला क्रूर कहाणी जोडली. संभाजीराजांवरील प्रेमापोटी ही सारी घटनाच पुसून टाकणारे लेखन जितके अपुरे, तितकेच बखरीतील कहाणी डोळे झाकून उचलणारेही अपुरे.

कादंबरीला नाटकापेक्षा जागा मोकळी. १९६८ मध्ये रणजित देसाईंची ‘श्रीमान योगी’ आली. तिला नरहर कुरुंदकरांची पत्ररूपी प्रस्तावना आहे. इतिहास आणि ललित लेखन यांचे नाते समजून घ्यायचे असेल तर ती प्रस्तावना कादंबरी आवडो न आवडो, वाचलीच पाहिजे. त्याच वर्षी कानेटकरांचे ‘इथे ओशाळला मृत्यू’ रंगभूमीवर आले. प्रभाकर पणशीकरांचा औरंगजेब आजही जुने रसिक विसरलेले नाहीत. १९७९ मध्ये शिवाजी सावंतांची ‘छावा’ प्रसिद्ध झाली आणि रंगभूमीने वगळलेले बालपण अखेर वाचकांसमोर आले. पुरंदरावरील जन्म, सईबाईंचे जाणे, धाराऊची माया, आग्र्याची वाट. या कादंबरीची भाषा अलंकारांनी ओथंबलेली आहे आणि ती सर्वांनाच झेपते असे नाही. पण आईवेगळ्या मुलाचा एकटेपणा हा तिने कथेचा कणा केला, हे तिचे वेगळेपण.

दूरचित्रवाणीने हे घर रोज रात्री दिवाणखान्यात आणले. २०१७ ते २०२० दरम्यानच्या ‘स्वराज्यरक्षक संभाजी’ मालिकेत डॉ. अमोल कोल्हे शंभूराजे होते. मालिका म्हटली की रोजचा भाग, रोजच्या भागाला शेवटचा धक्का, आणि धक्क्यासाठी अंतःपुरातील कारस्थान. कौटुंबिक मालिकांचा हा घाट सोयराबाईंच्या वाट्याला पुन्हा तीच भूमिका देऊन गेला. अभिनय सकस होता, साचा जुनाच.

१४ फेब्रुवारी २०२५ रोजी लक्ष्मण उतेकर दिग्दर्शित ‘छावा’ प्रदर्शित झाला. कादंबरीचे नाव घेऊन आलेल्या या चित्रपटाने बालपणाची शेकडो पाने मात्र मागे ठेवली. कथा महाराजांच्या निधनानंतर, बुऱ्हाणपूरच्या छाप्यापासून सुरू होते. आईवेगळे मूल उरते ते स्वप्नांतील काही क्षणांपुरते. सोयराबाई (दिव्या दत्ता) पुन्हा कटाच्या केंद्रस्थानी.

या चित्रपटावरून दोन वाद झाले आणि दोन्ही कुटुंबाभोवतीचे होते. पहिला, संभाजीराजे आणि येसूबाई लेझीम खेळतानाचे दृश्य. झलक येताच आक्षेप उठले आणि दृश्य वगळण्यात आले. पतिपत्नींनी एकत्र आनंद साजरा करावा, हे आपल्याला राजघराण्याच्या बाबतीत खपत नाही. त्यांनी फक्त त्याग करावा. दृश्याला ऐतिहासिक आधार नव्हता हे मान्य. पण आधार नसलेली इतर दृश्ये शांतपणे पाहिली गेली, हेही खरे.

दुसरा वाद अधिक खोल. संभाजीराजांच्या पकडण्यामागे गणोजी आणि कान्होजी शिर्के यांची फितुरी दाखवल्याने शिर्के वंशजांनी आक्षेप घेतला आणि दिग्दर्शकाने दिलगिरी व्यक्त केली. नाते पाहा : गणोजी हे येसूबाईंचे बंधू, आणि महाराजांची कन्या त्यांना दिलेली. दोन्ही घरांत साटेलोटे. वतनाच्या प्रश्नावरून शिर्के दुरावले आणि मोगलांकडे गेले, हे नाकारता येत नाही. पण फेब्रुवारी १६८९ मध्ये संगमेश्वरला राजे पकडले गेले त्यात त्यांचा नेमका वाटा किती, यावर अभ्यासकांत एकमत नाही. ज्या आडनावाने माणसे आजही शाळेत हजेरी देतात, त्याच्यावर पडद्याने निकाल द्यावा एवढा पुरावा या बाबतीत नाही.

या सर्व कलाकृतींत जिचे वैयक्तिक आयुष्य सर्वाधिक कठीण होते, तिला सर्वांत कमी जागा मिळाली. त्या येसूबाई. चित्रपट आणि नाटक दोन्ही ११ मार्च १६८९ च्या क्रूर मृत्यूपाशी संपतात. येसूबाईंची कसोटी मात्र त्याआधीच सुरू झाली होती. पती शत्रूच्या कैदेत, रायगडावर वेढा येणार हे स्पष्ट, आणि कडेवर शाहू. गादीवर स्वतःच्या मुलाला बसवण्याची संधी समोर होती. त्यांनी पुढे केले ते राजारामांना. बखरी या निर्णयाचे श्रेय येसूबाईंना देतात. ज्या सावत्र नात्यावर आपल्या नाटकांची इमारत उभी आहे, त्या सोयराबाईंच्या पुत्राला सईबाईंच्या सुनेने राजा म्हणून मान्य केले, त्याला गडाबाहेर निसटून जाऊ दिले आणि स्वतः मुलासह मागे राहिल्या.

१६८९ च्या अखेरीस रायगड पडला. येसूबाई आणि शाहू मोगलांच्या कैदेत गेले. औरंगजेबाच्या मृत्यूनंतर, १७०७ मध्ये, शाहूंची सुटका झाली. येसूबाईंची नाही, मुलाने दिलेल्या शब्दाचे ओलीस म्हणून त्या मागेच राहिल्या आणि दिल्लीला नेल्या गेल्या. बाळाजी विश्वनाथ आणि सय्यद बंधू यांच्या करारानंतर, १७१९ मध्ये, त्या साताऱ्याला परतल्या. कैदेत गेल्या त्याला तेव्हा जवळजवळ तीस वर्षे झाली होती. मुलगा छत्रपती झालेला, दीर जिंजीहून परतून सिंहगडावर कधीच निवर्तलेला, आणि कोल्हापूर व साताऱ्यात त्याच घराच्या दोन गाद्या एकमेकींसमोर उभ्या.